सात गव्हर्नर, एक मॅडिगन

१९८१ चा सप्टेंबर. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, एक सरकारी सोडत निघाली. लिंकनच्या चित्रांत दिसते तसली उंच काळी हॅट आणि तिच्यात दोन चिठ्ठ्या. एकीवर रिपब्लिकन माणसाचं नाव, दुसरीवर डेमोक्रॅटचं. राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट जिम एडगर याने हॅटमध्ये हात घातला. एडगर स्वतः रिपब्लिकन होता, पण हाताला लागलं ते डेमोक्रॅटिक पक्षाचे माजी गव्हर्नर सॅम्युएल शपिरो यांचं नाव. तेवढ्यावर ठरलं, की पुढची दहा वर्षं राज्यातल्या विधानसभा मतदारसंघांच्या सीमा डेमोक्रॅट आखणार.

म्हणजे मुख्यतः मायकेल मॅडिगन आखणार. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता आणि राज्याच्या कनिष्ठ सभागृहात विरोधी पक्षनेता होता. त्याच नकाशावर १९८२ ची निवडणूक झाली, डेमोक्रॅटांना बहुमत मिळालं आणि जानेवारी १९८३ मध्ये मॅडिगन स्पीकरच्या खुर्चीवर बसला. मधली दोन वर्षं सोडली तर २०२१ पर्यंत तो तिथून उठला नाही. एकूण ३६ वर्षं. अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात सभागृहाचं नेतृत्व इतका काळ कोणी केलेलं नाही. या काळात इलिनॉयने सात गव्हर्नर पाहिले. त्यातले दोघे पुढे तुरुंगात गेले. आता मॅडिगनही गेलाय, पण ते पुढे.

मॅडिगन कधी गव्हर्नर झाला नाही, वॉशिंग्टनला गेला नाही, देशपातळीवर त्याला कोणी फारसं ओळखतही नव्हतं. तरी सव्वा कोटी वस्तीच्या या राज्यात त्याच्या मनाविरुद्ध पान हलत नसे. हे जमलं कसं, हे समजून घेतलं की अमेरिकेतलं राज्य पातळीवरचं राजकारण चालतं कसं तेही बऱ्यापैकी उलगडतं. आपल्याकडे अमेरिका म्हटलं की बातम्या व्हाइट हाउसच्या. पण तिथल्या माणसाची घरपट्टी, शाळा, विजेचं बिल, रस्ता, हे सगळं ठरतं राज्यात आणि शहरात.

दोन शब्दांचा घोळ

आधी दोन शब्द नीट लावून घेऊ. गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडून दिलेला, म्हणून कामाच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. फरक एवढाच, की तो विधिमंडळाचा सदस्य नसतो आणि तिथे बहुमत गेलं म्हणून त्याचं सरकार पडत नाही. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्याचं, अशी खडाखडी वर्षानुवर्षं चालू शकते.

दुसरा शब्द स्पीकर. आपल्या विधानसभेचा अध्यक्ष निवडून आल्यावर निःपक्ष राहावा अशी अपेक्षा असते. (कितपत राहतो, हा वेगळ्या लेखाचा विषय.) तिथे तशी अपेक्षासुद्धा नाही. स्पीकर हा बहुमतवाल्या पक्षाचा सभागृहातला उघड नेता. कामकाजाची यादी त्याची, समित्यांच्या नेमणुका त्याच्या, स्टाफ त्याचा. म्हणजे आपला सभागृह नेता, अध्यक्ष आणि मुख्य प्रतोद एकाच खुर्चीत बसवले तर जे होईल ते. मॅडिगनने त्यात चौथी गोष्ट जोडली. १९९८ पासून तो राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षही होता. म्हणजे विधेयक अडवायचं की नाही आणि निवडणुकीत पैसा कोणाला द्यायचा, दोन्ही निर्णय त्याच टेबलावर.

तेरावा वॉर्ड

मॅडिगनचा जन्म १९४२ चा, शिकागोच्या नैर्ऋत्य भागातला. मिडवे विमानतळाच्या आसपासचा हा परिसर. छोटे विटांचे बंगले, पुढे हातभर लॉन, आयरिश, पोलिश, इटालियन कामगार कुटुंबं, अलीकडे मेक्सिकन वंशाची वस्ती वाढलेली. वडील तेराव्या वॉर्डाचे सुपरिंटेंडंट. कचरा, रस्ते, सफाई त्यांच्याकडे. पद लहान वाटतं, पण त्या काळच्या शिकागोत तो थेट महापौर रिचर्ड डेली यांच्या यंत्रणेतला दुवा होता. पोरगा नोत्र दाम विद्यापीठात शिकला, मग लॉयोलातून वकील झाला, आणि वडिलांच्या ओळखीमुळे डेलींच्या नजरेत आला.

ही यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. शिकागोत ५० वॉर्ड. प्रत्येक वॉर्डाचा नगरसेवक असतोच, शिवाय पक्षाचा एक कमिटीमन असतो. कमिटीमनच्या हाताखाली मतदान केंद्रागणिक एकेक माणूस, त्याला म्हणतात प्रीसिंक्ट कॅप्टन. हा कॅप्टन म्हणजे आपला बूथ कार्यकर्ता. दारापुढचं झाड वाढलंय, छाटून हवंय. कचऱ्याचा डबा फुटलाय. घरपट्टीतल्या सवलतीचा अर्ज भरता येत नाही. सगळ्यासाठी कॅप्टनला सांगायचं. निवडणुकीच्या दिवशी कॅप्टन दार ठोठावतो तेव्हा लोक त्याला नावाने ओळखतात. मोबदल्यात कॅप्टनला काय मिळतं? नोकरी. पालिकेत, परगण्यात, राज्यात. नोकरी टिकवायची तर केंद्रावर मतं दाखवायची.

१९६९ मध्ये मॅडिगन या तेराव्या वॉर्डाचा कमिटीमन झाला. वय २७, शहरातला सर्वात तरुण. पुढे स्पीकर झाला, पक्षाध्यक्ष झाला, पण हे पद त्याने सोडलं नाही. लोकांना वाटायचं जुनी हौस आहे. मला वाटतं, सगळ्या पदांतलं खरं पद त्याच्या लेखी हेच होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इलिनॉयची नवी राज्यघटना लिहिण्यासाठी प्रतिनिधी निवडले गेले. मॅडिगन निवडून आला. महापौर डेलींचा मुलगाही आला. मायकेल शॅकमन नावाचा एक स्वतंत्र उमेदवार मात्र ६२३ मतांनी पडला. शॅकमनचं म्हणणं, मी उमेदवाराकडून नाही हरलो, सरकारी पगारावर प्रचार करणाऱ्या फौजेकडून हरलो. त्याने दावा ठोकला. त्यातून १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये कोर्टाचे आदेश निघाले: राजकीय निष्ठा बघून सरकारी नोकरीतून काढायचं नाही, आणि घ्यायचंही नाही. ‘शॅकमन आदेश’ हा शब्द शिकागोच्या राजकारणात आजही रोजच्या वापरातला आहे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ इथून फिरतो. सरकारी नोकऱ्यांचा नळ हळूहळू बंद होत गेला. कॅप्टन मात्र होतेच, आणि त्यांची सोय कुठेतरी लावायलाच हवी होती.

हॅट आली कुठून

ती हॅटची सोडत याच घटनेने आणलेली. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघ नव्याने आखायचे. विधिमंडळाला जमलं नाही तर आठ जणांचा आयोग, दोन्ही पक्षांचे चार-चार. तिथेही बरोबरी झाली, तर दोन पक्षांची दोन नावं आणि चिठ्ठी. घटना लिहिणाऱ्यांचा हिशोब असा, की नशिबावर सगळं सोपवण्याची भीती बसली की दोन्ही बाजू तडजोड करतील. तसं काही झालं नाही. १९८१, १९९१, २००१, तिन्ही वेळा प्रकरण चिठ्ठीवरच गेलं. सर्वस्व मिळण्याची निम्मी शक्यता असेल तर अर्धं कोण घेतो?

१९९१ ची चिठ्ठी रिपब्लिकनांची निघाली, आणि १९९४ च्या लाटेत मॅडिगनची खुर्ची गेली. तेवढीच मधली दोन वर्षं. १९९६ मध्ये, रिपब्लिकनांनीच काढलेल्या नकाशावर, त्याने ११८ पैकी ६० जागा आणल्या आणि परत आला. नकाशा हाताशी असला की काम सोपं होतं, पण नकाशा विरुद्ध असतानाही निवडणूक काढणारा हा गडी होता, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं.

त्याआधी, हॅटच्या पहिल्या सोडतीच्या सुमारास, आणखी एक बदल झाला होता आणि तो सुधारकांनीच त्याच्या पदरात टाकला. १९८० पर्यंत इलिनॉयमध्ये एका मतदारसंघातून तीन आमदार निवडले जायचे. मतदाराला तीन मतं. ती तिघांत वाटा किंवा तिन्ही एकालाच घाला. त्यामुळे कट्टर डेमोक्रॅट भागातूनही एखादा रिपब्लिकन यायचा, आणि उलटही. असे आमदार स्वतःच्या बळावर आलेले, त्यामुळे नेत्याला फारसे न जुमानणारे. पॅट क्विन नावाच्या एका चळवळ्या तरुणाने मोहीम काढली, की एवढे आमदार हवेत कशाला, खर्च कमी करा. लोकांनी कौल दिला. सभागृह १७७ वरून ११८ वर आलं आणि एका मतदारसंघाला एक आमदार झाला. खर्चाचं माहीत नाही, पण तऱ्हेवाईक, स्वतंत्र आमदारांची जात संपली. उरलेल्यांना निवडून येण्यासाठी नेत्याचा नकाशा आणि नेत्याचा पैसा लागू लागला.

विधेयक मारायचं कसं

बहुतेकांना वाटतं, विधिमंडळात सत्ता म्हणजे हवी ती विधेयकं मंजूर करून घेणं. त्याहून मोठी सत्ता म्हणजे नको ती मतदानालाच येऊ न देणं. इलिनॉयच्या सभागृहात प्रत्येक विधेयक आधी रूल्स कमिटीकडे जातं. कमिटीत स्पीकरच्या माणसांचं बहुमत. तिथून विधेयक बाहेरच आलं नाही तर कोणी त्याच्या विरोधात मत दिलं असं होत नाही, चर्चा होत नाही, बातमी होत नाही. ते नुसतं पडून राहतं. आमदाराला कळतं, आपण कुठेतरी चुकलो.

याची दुसरी बाजू म्हणजे पोकळ विधेयक. राज्यघटना म्हणते, विधेयकाचं वाचन प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी झालं पाहिजे, म्हणजे सगळ्यांना ते वाचायला वेळ मिळेल. मग करायचं काय, तर आधीच काही विधेयकं मांडून ठेवायची, ज्यांत एखाद्या जुन्या कायद्यातला एखादा फुटकळ शब्द इकडचा तिकडे केलेला असतो. दोन वाचनं आटोपून घ्यायची. शेवटच्या आठवड्यात त्यातला मजकूर काढून टाकायचा आणि शेकडो पानांचा खरा कायदा त्याच नंबराखाली भरायचा. वाचनं झालेलीच असतात. पुढे स्पीकर आणि राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा, अध्यक्ष सही करतात, की सगळं नियमाने झालं. त्या सहीपलीकडे कोर्टं सहसा डोकावत नाहीत. मॅडिगन गेला म्हणून ही पद्धत थांबली असं काही नाही.

आणि मतं मोजण्याची कला. मंजुरीला लागतात ६०. पक्षाचे ७० आमदार असतील तर ज्यांच्या मतदारसंघात ते विधेयक अप्रिय आहे अशा दहा जणांना तो विरोधात मत द्यायला मोकळीक देई. ते घरी जाऊन सांगायला मोकळे, की आम्ही विरोध केला होता. आमदार त्याच्यावर नाराज का नसत, याचं अर्धं उत्तर यात आहे. तो त्यांच्याकडून फक्त एक मत कायमचं मागे: दर दोन वर्षांनी, जानेवारीत, स्पीकर निवडताना.

हे सगळं जवळून बघायचं तर १९८८ च्या ३० जूनच्या रात्री त्या सभागृहात जायला हवं. व्हाइट सॉक्स हा शिकागोचा जुना बेसबॉल संघ. नवीन स्टेडियम सरकारी पैशातून बांधून द्या, नाहीतर आम्ही फ्लोरिडाला चाललो, अशी त्यांची धमकी. गव्हर्नर जेम्स थॉम्प्सन रिपब्लिकन, स्पीकर डेमोक्रॅट, पण दोघांनाही संघ जायला नको होता. अडचण घड्याळाची. मध्यरात्र उलटली की नियम बदलतो, ६० ऐवजी तीन-पंचमांश, म्हणजे ७१ मतं लागतात. ७१ मिळणं शक्यच नव्हतं. गव्हर्नर स्वतः सभागृहात बाकांमधून फिरतोय, एकेका आमदाराच्या खांद्यावर हात टाकतोय. फलकावर आकडा साठाच्या खाली अडकलेला. बारा वाजले. शेवटी ६० विरुद्ध ५५ असा आकडा लागला तेव्हा लोकांच्या मनगटावर बारा वाजून तीन मिनिटं झाली होती. सभागृहाच्या अधिकृत नोंदीत मात्र ११ वाजून ५९ मिनिटं. घड्याळ स्पीकरचं होतं. संघ आजही शिकागोतच खेळतो.

सफरचंद आणि शांतता

माणूस म्हणून तो कंटाळवाणा होता, आणि ते त्याला आवडायचं. बारीक अंगकाठी, गडद सूट, हळू आवाज. दुपारच्या जेवणाला फोडी केलेलं एक सफरचंद, याच्या गोष्टी स्प्रिंगफील्डमध्ये सगळ्यांना ठाऊक. मोबाइल वापरायचा नाही, ईमेल नाही. मुलाखती क्वचित. वार्ताहरांनी नाव ठेवलं ‘मखमली हातोडा’. बसतो तेव्हाच कळतं.

२००९ च्या जानेवारीत गव्हर्नर रॉड ब्लागोयेविचवर महाभियोग आला. ओबामांची रिकामी झालेली, वॉशिंग्टनमधल्या सिनेटची जागा विकायला काढल्याचा आरोप त्याच्यावर होता. मॅडिगनच्या सभागृहाने ११४ विरुद्ध १ मताने महाभियोग मंजूर केला आणि राज्याच्या सिनेटने ५९-० ने त्याला घरी पाठवलं. मॅडिगन त्याच्याच पक्षाचा, पण दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं.

त्यानंतरचा सामना अधिक महागात गेला. २०१५ मध्ये ब्रूस राउनर हा श्रीमंत रिपब्लिकन गव्हर्नर झाला. मॅडिगनला नमवायचंच असं ठरवून आलेला. कामगार संघटनांचे हक्क कमी करा, पदाधिकाऱ्यांना मुदतीची मर्यादा घाला, मगच बजेटवर सही करतो, अशी त्याची अट. मॅडिगन म्हणाला, बजेटचं बजेटमध्ये बोलू. दोघेही हटले नाहीत. ७३६ दिवस, दोन वर्षांहून जास्त, राज्याला पूर्ण बजेटच नव्हतं. सरकारी विद्यापीठांनी नोकरकपात केली, समाजसेवी संस्थांची बिलं थकली, राज्याची थकबाकी १५ अब्ज डॉलरच्या घरात गेली. जुलै २०१७ मध्ये काही रिपब्लिकन आमदारच फुटले आणि गव्हर्नरचा नकाराधिकार मोडीत निघाला. लागणारी मतं ७१. पडली बरोबर ७१.

मॅडिगन जिंकला असं सगळ्यांनी लिहिलं. पण इतकी वर्षं सगळ्या नाड्या हाती असताना राज्याच्या पेन्शन निधीत शंभर अब्ज डॉलरहून मोठा खड्डा पडला, त्याचं काय? त्यात गव्हर्नरांचाही वाटा आहेच. पण गव्हर्नर बदलत गेले, खुर्चीवर कायम एकच माणूस होता. विरोधकांनी प्रत्येक निवडणुकीत ‘मॅडिगनला हटवा’ म्हणून जाहिराती केल्या त्या उगाच नव्हत्या.

जोडधंदा

इलिनॉयमध्ये आमदारकी ही अर्धवेळ नोकरी समजतात, त्यामुळे बाकी व्यवसाय करायला बंदी नाही. मॅडिगनची वकिली फर्म होती, काम घरपट्टी कमी करून देण्याचं. शिकागोच्या मध्यवर्ती भागातला एखादा टॉवर घ्या. परगण्याचा असेसर त्याची किंमत ठरवतो, त्यावर कर बसतो. मालक वकिलामार्फत अपील करतो, की किंमत जास्त लावली. किंमत उतरली की वाचलेल्या करातून वकिलाला फी. यात बेकायदा काही नाही. फक्त घरपट्टीचे कायदे जिथे होतात तिथला मुख्य माणूसच तो वकील होता. बिल्डरने कोणता वकील निवडावा, हे बिल्डरला कोणी सांगायची गरज नव्हती. गंमत म्हणजे शिकागोचा दुसरा बलाढ्य नेता, नगरसेवक एडवर्ड बर्क, हाही १९६९ पासूनचा आणि त्याचाही जोडधंदा हाच. त्याला २०२३ मध्ये दोषी ठरवण्यात आलं.

विजेचं बिल

उत्तर इलिनॉयमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतही दर महिन्याला ‘कॉमएड’चं बिल येतं. कॉमनवेल्थ एडिसन, तिथली वीज पोचवणारी कंपनी. २०११ मध्ये तिला असा कायदा हवा होता, ज्याने दर ठरवण्यात नियामक आयोगाचा हात थोडा आखडेल आणि स्मार्ट ग्रिडवरचा, म्हणजे विजेचं जाळं आधुनिक करण्याचा, खर्च ग्राहकांकडून ठरलेल्या सूत्राने वसूल होईल. तेव्हाचा गव्हर्नर होता पॅट क्विन, सभागृह लहान करणारा तोच चळवळ्या. क्विनने नकाराधिकार वापरला. विधिमंडळाने तो झुगारून कायदा केला. २०१६ मध्ये कंपनीला हवा असलेला आणखी एक मोठा कायदा झाला.

जुलै २०२० मध्ये कॉमएडने केंद्र सरकारच्या वकिलांसमोर कबुली दिली आणि २० कोटी डॉलर दंड भरायला तयार झाली. कबुली अशी, की २०११ ते २०१९ या काळात एका ‘पब्लिक ऑफिशियल ए’ला खूश ठेवण्यासाठी कंपनीने त्याच्या माणसांना कामं दिली. कागदपत्रांत नाव नव्हतं, पण हा ‘ए’ म्हणजे सभागृहाचा स्पीकर, असं त्याच कागदात लिहिलेलं. स्पीकर एकच होता.

आता रक्कम बघा. कंपनीच्या सल्लागारांच्या बिलांत मिसळून, उपकंत्राटदार म्हणून, तेराव्या वॉर्डातल्या माणसांना महिन्याला चार-पाच हजार डॉलर. वॉर्डाचे कार्यकर्ते, माजी नगरसेवक. काम जवळपास शून्य. आठ वर्षांत मिळून सुमारे १३ लाख डॉलर. शिवाय तेराव्या वॉर्डातल्या कॉलेजच्या पोरांना उन्हाळी इंटर्नशिप. कंपनीचा फायदा १५ कोटी डॉलरच्या वर धरला गेला. मॅडिगनच्या स्वतःच्या खिशात यातला एक डॉलरही गेल्याचा आरोप नव्हता. शॅकमनने सरकारी नोकऱ्यांचा नळ बंद केला होता. कॅप्टनांची सोय आता वीज कंपनीच्या खात्यातून लागत होती.

मधला माणूस होता मायकेल मॅक्लेन, मॅडिगनचा जुना सहकारी आमदार, नंतर कॉमएडचा लॉबीइस्ट, म्हणजे आमदारांकडे कंपनीची बाजू लावून धरणारा. फोनवर तो मॅडिगनचं नाव टाळायचा, ‘आपला मित्र’ म्हणायचा. ते फोन टॅप होत होते. दुसऱ्या बाजूने डॅनी सोलिस हा शिकागोचा नगरसेवक २०१६ पासून एफबीआयसाठी अंगावर रेकॉर्डर लावून फिरत होता. मॅडिगन त्याच्यामार्फत बिल्डरांशी ओळखी करून घेत होता, फर्मसाठी. एकदा सोलिस फोनवर म्हणाला, ही मंडळी देवाणघेवाण समजून आहेत. पुढच्या भेटीत मॅडिगनने त्याला बजावलं, असं बोलत जाऊ नकोस. मोबाइल आणि ईमेलपासून लांब राहणारा माणूस शेवटी दुसऱ्यांच्या खिशातल्या यंत्रांवर सापडला.

२०२० च्या शेवटी १९ डेमोक्रॅट आमदारांनी सांगितलं, आम्ही याला मत देणार नाही. पक्षाचे ७३ होते. वजाबाकी केली की ५४. जन्मभर साठचा आकडा जुळवणाऱ्याला तो पहिल्यांदाच जुळेना. १३ जानेवारी २०२१ ला इमॅन्युएल वेल्च स्पीकर झाला, त्या पदावरचा पहिला कृष्णवर्णीय.

मदत की लाच

मार्च २०२२ मध्ये आरोपपत्र आलं. खटला मात्र रखडला, कारण शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका महापौराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात होतं. त्या महापौराने ट्रक कंपनीला कंत्राट मिळाल्यानंतर तिच्याकडून १३ हजार डॉलर घेतले होते. जून २०२४ मध्ये कोर्ट म्हणालं, त्या केंद्रीय कायद्याखाली आधी ठरवून घेतलेला पैसा ही लाच. काम झाल्यावर आधी काही न ठरवता दिलेली बिदागी त्यात बसत नाही. मॅडिगनच्या वकिलांना हत्यार मिळालं: सौदा कुठे ठरला ते दाखवा. मॅडिगन कधीच ‘हे दिलंस तर ते करतो’ असं बोलत नसे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये खटला उभा राहिला. जानेवारीत तो स्वतः साक्षीला उभा राहिला, याचं शिकागोत सगळ्यांना आश्चर्य वाटलं. वॉर्ड, वडील, डेली, सगळं सांगितलं. म्हणणं एवढंच, की लोक मदत मागायला येतात, मी शक्य तेवढी करतो, नोकरीसाठी शब्द टाकणं हा गुन्हा नाही. ज्यूरीला हे ठरवणं सोपं गेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये २३ पैकी १० आरोपांत दोषी, ७ मधून सुटका, ६ वर एकमत नाही. ज्या ६ वर अडलं त्यात टोळीसारखं राज्य चालवल्याचा सर्वात मोठा आरोप होता. कॉमएडची उपकंत्राटं आणि सोलिसला राज्याच्या मंडळावर पगारी जागा देण्याची बोलणी, यांवर मात्र तो सापडला. जूनमध्ये साडेसात वर्षांची शिक्षा आणि २५ लाख डॉलर दंड. वय ८३. ऑक्टोबरात तो वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनच्या तुरुंगात हजर झाला.

मधला एक किस्सा सांगायचा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये, स्पीकरपद गेल्यावर महिनाभराने, मॅडिगनने आमदारकीचाही राजीनामा दिला. इलिनॉयमध्ये अशी जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही. त्या मतदारसंघात येणाऱ्या वॉर्डांचे पक्षाचे कमिटीमन बसतात आणि उरलेल्या मुदतीसाठी माणूस नेमतात. कोणाच्या मताला किती वजन, ते त्याच्या वॉर्डातून मागच्या वेळी किती मतं पडली त्यावर. ५० वर्षांच्या आमदारानंतर कोण, हे ठरवायला बैठक भरली, उमेदवारांनी भाषणं केली. तेराव्या वॉर्डाच्या कमिटीमनकडे ५६ टक्के वजन होतं. त्याने स्वतःच्या वॉर्ड ऑफिसात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या पोराला बसवलं. दोन-तीन दिवसांत त्या पोराच्या वागणुकीविषयी काही आरोप कानावर आले, तेव्हा त्यानेच त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. आठवडा संपायच्या आत पुन्हा बैठक भरली, पुन्हा भाषणं झाली, आणि नवं नाव मंजूर झालं. वजन तेव्हाही ५६ टक्केच होतं.